क्लॅम्प लागलेला असताना थांबलेला हात: रोबोटिक किडनी शस्त्रक्रियेतील एक प्रकरण

ही शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी सहायक सर्जन म्हणून टेबलाशी, रुग्णाच्या बाजूला उभी होते. मुख्य सर्जन चार पावलांवर कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोटचे हात जिथून चालवतात त्या मेजात, डोके घालून बसले होते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. यंत्रणा कोणत्या कंपनीची होती, हे मुद्दाम लिहिलेले नाही. घटनांचा क्रम आणि मिनिटे मात्र शस्त्रक्रियेच्या नोंदीतून आणि व्हिडिओवरून जशीच्या तशी घेतली आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांचे गृहस्थ. बारा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी चालू. पित्ताशयासाठी केलेल्या सोनोग्राफीत डाव्या किडनीत अचानक गाठ दिसली. लघवीतून रक्त, वेदना, काहीच नव्हते. सीटी स्कॅनमध्ये गाठ ३.६ सेंटिमीटरची निघाली. ती किडनीच्या पुढच्या बाजूला होती आणि खालच्या टोकाकडून मध्यभागात शिरत होती. किडनीची कार्यक्षमता दाखवणारा ईजीएफआर ६४ होता. म्हणजे किडन्या काम करत होत्या, पण हाताशी फारशी शिल्लक नव्हती.

अशा गाठीचा अवघडपणा मोजायला आम्ही रीनल स्कोअर वापरतो. कुटिकोव्ह आणि उझो यांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही रोजच्या वापरात आहे. आकार ४ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, म्हणून १ गुण. गाठीचा निम्म्याहून अधिक भाग किडनीच्या आत, म्हणून २. लघवी गोळा होणाऱ्या पोकळीपासून अंतर फक्त ३ मिलिमीटर, म्हणून ३. किडनीचे टोक आणि मध्यभाग यांच्यामधली ध्रुवरेषा ओलांडलेली, म्हणून २. एकूण ८. ४ ते ६ सोपी, ७ ते ९ मध्यम आणि त्यापुढे अवघड, अशी ढोबळ विभागणी आहे. कागदावर ही मध्यम गाठ होती. पण पोकळीपासूनचे ते ३ मिलिमीटर पाहिल्यावर आत नीट, पाणी गळणार नाही असे शिवावे लागणार हे स्पष्ट होते.

कोणते पर्याय होते

नुसते लक्ष ठेवणे हा पर्याय लहान गाठींना, विशेषतः वयस्कर आणि इतर आजार असलेल्या रुग्णांना, अगदी योग्य ठरतो. इथे वय आणि आकार पाहता रुग्णालाच ते नको होते. गाठ सुईने गोठवणे किंवा जाळणे ३ सेंटिमीटरपर्यंत चांगले काम करते. इथे आकार त्याहून मोठा होता आणि गाठ पोकळीला खेटून होती.

पूर्ण किडनी काढायची की फक्त गाठ, यावर आमच्यात खरी चर्चा झाली. पूर्ण किडनी काढणे तांत्रिकदृष्ट्या सोपे असते. शिवाय युरोपात १९९२ ते २००३ दरम्यान ५४१ रुग्णांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत किडनी वाचवलेल्यांचे आयुर्मान अधिक निघाले नव्हते. हा निकाल बाजूला सारून ‘किडनी वाचवणे नेहमीच चांगले’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. पण या रुग्णाला मधुमेह होता आणि ईजीएफआर ६४ होता. पुढची वीस वर्षे एकाच किडनीवर काढायला लावणे आम्हाला पटले नाही. गाठच काढायची ठरली.

मग प्रश्न उरला मार्गाचा. उघडी शस्त्रक्रिया, साधी दुर्बिणीची की रोबोटची? कर्करोग पूर्ण निघण्याच्या बाबतीत तिन्ही मार्ग अनुभवी हातात तुल्यबळ आहेत. फरक पडतो तो शिवताना. किडनीची धमनी क्लॅम्पने बंद केली की घड्याळ सुरू होते. थंड न केलेली किडनी रक्ताविना साधारण २५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, हा सर्वसाधारण आडाखा. नंतरच्या अभ्यासांनी मिनिटांपेक्षा मागे उरलेल्या निरोगी भागाला जास्त वजन दिले आहे. तरी मिनिटे कोणी उधळत नाही. साध्या दुर्बिणीची हत्यारे सरळ असतात, मनगटासारखी वळत नाहीत. रोबोटची वळतात, सर्जनच्या हाताचा कंप गाळला जातो आणि समोर खोली दाखवणारे, मोठे केलेले चित्र असते. खोल, तिरक्या जागी झटपट टाके घालायला याचा फार उपयोग होतो. त्याच्या बदल्यात सर्जन स्पर्श गमावतो. धागा किती ओढला गेलाय हे आमच्या यंत्रणेत बोटांना कळत नाही, डोळ्यांनीच ओळखावे लागते.

रुग्णाने विचारले, “म्हणजे ऑपरेशन यंत्र करणार?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आम्ही सांगितले की यंत्र स्वतःहून काहीही करत नाही, सर्जनचा हात हलला तरच आतले हत्यार हलते. यंत्रामुळे निकाल जादूने सुधारतात असेही आम्ही म्हटले नाही. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन इथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांचे बारा आठवड्यांनंतरचे लघवीवरील ताबा आणि लैंगिक कार्याचे निकाल सारखेच निघाले होते. संमतिपत्रात ‘गरज पडल्यास पोट उघडावे लागेल’ हे वाक्य होते आणि ते वाचूनही दाखवले होते. यंत्र बंद पडू शकते, हे मात्र तोंडाने कोणीच सांगितले नाही.

सकाळची एक नोंद

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी यंत्र चालू करताना स्वतःची तपासणी करताना ते एकदा अडले. दुसऱ्या क्रमांकाच्या हाताबाबत इशारा आला. टेक्निशियनने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, इशारा गेला. त्याने रजिस्टरमध्ये वेळ, इशाऱ्याचा क्रमांक आणि ‘रीस्टार्टनंतर ठीक’ असे लिहिले. त्याने आपले काम चोख केले होते.

भूल दिल्यानंतर, पहिला छेद घेण्याआधी आम्ही सगळे थांबलो. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची सुरक्षा यादी आम्ही वापरतो. तिच्यात याच टप्प्यावर परिचारिकांना विचारायचा प्रश्न आहे: उपकरणांबाबत काही अडचण किंवा शंका आहे का? तो विचारला गेला. “सगळं ठीक आहे,” असे उत्तर आले. उत्तर देणाऱ्या सिस्टरने रजिस्टर पाहिलेले नव्हते. टेक्निशियन त्या क्षणी खोलीबाहेर होता. मीही खोलीत होते आणि आज यंत्र कसे सुरू झाले, हे विचारायचे मला सुचले नाही.

काय घडले

पहिला तास सुरळीत गेला. रुग्ण उजव्या कुशीवर, चार हात जोडलेले: एकावर कॅमेरा, दोन सर्जनच्या डाव्या-उजव्या हाताचे आणि चौथा किडनी उचलून धरायला. धमनी एकच होती. ती मोकळी केली आणि छोटा क्लॅम्प लावला. इंडोसायनिन ग्रीन हे अवरक्त प्रकाशात चमकणारे रंगद्रव्य शिरेतून दिले. अवरक्त प्रकाशात आजूबाजूचे अवयव हिरवे उजळले आणि किडनी काळी राहिली, म्हणजे रक्त खरोखर थांबले होते.

१० व्या मिनिटाला गाठ सुटली. १२ व्या मिनिटाला आतल्या थराची शिवण सुरू झाली. तिसरा टाका घेताना, सुई किडनीत अर्धी गेलेली असताना, १३ व्या मिनिटाला लाल दिवा लागला आणि सगळे हात जागच्या जागी थिजले.

यंत्र असे का थांबते? प्रत्येक सांध्याची स्थिती एकाहून अधिक सेन्सर मोजतात. त्यांची मापे एकमेकांशी जुळली नाहीत, तर हात नेमका कुठे आहे याची यंत्राला खात्री राहत नाही. मग ते ब्रेक लावून उभे राहते. चुकीच्या दिशेने हलण्यापेक्षा थांबणे केव्हाही बरे, हा त्यामागचा विचार रास्तच आहे. पण किडनीची धमनी बंद आहे, हे यंत्राला माहीत नसते. त्याच्या लेखी सुरक्षित असलेली ती अवस्था आमच्या रुग्णासाठी नव्हती.

दोष ‘दुरुस्त करता येण्याजोगा’ असल्याचे पडद्यावर आले. बटण दाबले, हात सुटले. अर्ध्या मिनिटात पुन्हा लाल. पुन्हा बटण. “अजून एकदा बघू,” सर कन्सोलमधून म्हणाले. तिसऱ्या वेळी एक टाका पूर्ण झाला, दुसऱ्यात सुई शिरली आणि हात परत थिजला. तेव्हा भूलतज्ज्ञ पडद्यापलीकडून म्हणाल्या, “सोळा मिनिटं झाली.” वेळ सांगण्याचे काम कोणालाच नेमून दिलेले नव्हते. त्यांनी ते स्वतःहून केले.

निर्णयाची जागा

त्या क्षणी समोर चार वाटा होत्या.

यंत्र पूर्ण बंद करून चालू करायचे, तर हत्यारे काढून पुन्हा घालण्यासकट बरीच मिनिटे गेली असती, आणि तोच दोष परत येणार नाही याची शाश्वती नव्हती. क्लॅम्प काढून किडनीला श्वास द्यायचा, तर किडनीची जखम निम्मी उघडी होती. दोन्ही किडन्यांत मिळून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त जाते, एकीत अर्धा लिटर. इतक्या रक्तात आत काही दिसले नसते. पोट उघडणे हा खात्रीचा मार्ग होता, पण रोबोट बाजूला करून, छेद घेऊन किडनीपर्यंत पोहोचेपर्यंत घड्याळ चालूच राहिले असते. चौथी वाट म्हणजे बिघडलेला हात यंत्रातून वगळायचा आणि किडनी धरणाऱ्या चौथ्या हाताला शिवायला लावायचे.

सरांनी चौथी वाट निवडली. त्यासाठी आधी थिजलेल्या हाताच्या हत्याराने धरलेली सुई सोडवावी लागणार होती. यासाठी एक छोटी चावी असते. हत्याराच्या मागच्या टोकाच्या खोक्यातल्या छिद्रात घालून फिरवली की जबडे हाताने उघडतात. मी हात पुढे केला आणि म्हटले, “चावी.”

चावी टेबलावर नव्हती. ती यंत्राच्या गाडीच्या खणात, निर्जंतुक क्षेत्राबाहेर होती. खण शोधणे, पाकीट फोडणे आणि सिस्टरने ती माझ्या हातात टाकणे यात दीड मिनिट गेले. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त टोचते ते हे दीड मिनिट. बिघाड आमच्या हातात नव्हता, चावी कुठे ठेवायची हे होते.

१८ व्या मिनिटाला जबडे उघडले. कॅमेऱ्यात पाहत मी हत्यार सरळ मागे घेतले. सुई ऊतीतच अडकून राहिली, घसरली नाही. हात यंत्रातून वगळला आणि ढकलून बाजूला केला. चौथ्या हातातला चिमटा काढून सुई धरणारे हत्यार, नीडल ड्रायव्हर, बसवले आणि तो हात सरांच्या उजव्या हाताला जोडला. किडनी उचलून धरायला आता कोणी नव्हते, म्हणून मी सहायक पोर्टमधून (हत्यारे आत घालायला पोटाच्या छेदात बसवलेल्या नळीतून) सक्शनच्या नळीनेच ती टेकवून धरली. २१ व्या मिनिटाला शिवण पुन्हा सुरू झाली. कोन वाईट होता. चौथा हात बाजूने येत होता आणि सुई प्रत्येक टाक्याला दोनदा फिरवून घ्यावी लागत होती. इथे सरांच्या संयमाला दाद द्यावीशी वाटते. एकही टाका त्यांनी घाईने ओढला नाही.

२८ व्या मिनिटाला आतला थर बंद झाला. पोटातल्या वायूचा दाब तात्पुरता १२ वरून १५ मिलिमीटरवर नेला आणि २९ व्या मिनिटाला क्लॅम्प काढला. एका कोपऱ्यातून रक्त आले, दोन जादा टाक्यांनी थांबले. बाहेरचा थर क्लॅम्पशिवाय, क्लिपा सरकवून घट्ट करत पूर्ण केला. आमच्या नेहमीच्या गतीने हे सगळे २० मिनिटांच्या आत झाले असते.

परिणाम

रक्तस्राव साधारण ५०० मिलिलिटर झाला, रक्त द्यावे लागले नाही. लघवीची गळती झाली नाही, रुग्ण पाचव्या दिवशी घरी गेले. गाठ क्लिअर सेल प्रकारच्या कर्करोगाची निघाली, कडा स्वच्छ होत्या, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोग पोहोचलेला नव्हता. ईजीएफआर दुसऱ्या दिवशी ४७ पर्यंत उतरला, तीन महिन्यांनी ५४ झाला आणि वर्षानंतर ५५ वर स्थिरावला. गाठीबरोबर थोडी निरोगी किडनीही जाते आणि खोल टाक्यांत थोडी आवळली जाते, म्हणून काही घट अपेक्षितच होती. त्या जादा नऊ-दहा मिनिटांचा वाटा किती, हे एका रुग्णाच्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी रुग्णाला आणि त्यांच्या मुलीला सगळे सांगितले: यंत्र अडले, किती वेळ गेला, सकाळीही त्याच हाताचा इशारा आला होता आणि तो आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. रुग्णाने एकच विचारले, “यंत्र थांबलं तेव्हा कापलेलं होतं?” सर म्हणाले, “हो.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलीने विचारले की हे आधी का नाही सांगितले. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि सरांनी ते बनवायचा प्रयत्नही केला नाही.

अभियंत्याच्या तपासणीत दुसऱ्या हाताच्या एका सांध्याचा सेन्सर अधूनमधून चुकत असल्याचे आढळले. सकाळचा इशारा त्याचाच होता.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी सकाळी होती. तो इशारा मोठ्याने सांगितला गेला असता तर शस्त्रक्रिया पुढे ढकलता आली असती, किंवा निदान शंकास्पद हाताला फक्त किडनी धरण्याचे काम देता आले असते. आता टेक्निशियन पहिल्या छेदाआधीच्या थांब्याला खोलीतच असतो आणि उपकरणांच्या प्रश्नाचे उत्तर रजिस्टर हातात घेऊन तोच देतो.

दुसरी गोष्ट प्रयत्नांची. तीनदा बटण दाबण्यात तीन मिनिटे गेली. प्रत्येक वेळी हात खरेच सुटत होता, म्हणून पुढचा प्रयत्न करणे त्या क्षणी शहाणपणाचे वाटले. मलाही वाटले. आता नियम असा की क्लॅम्प लागलेला असताना एकदाच बटण दाबायचे. दुसऱ्यांदा तोच हात अडला की तो वगळायचा. हे क्लॅम्प लावण्याआधी बोलून ठेवायचे आणि भूलतज्ज्ञांनी दर पाच मिनिटांनी वेळ उच्चारायची.

एका मुद्द्यावर आमचे अजून एकमत नाही. माझे म्हणणे आहे की १६ व्या मिनिटाला हात वगळून रिकाम्या झालेल्या पोर्टमधून मी साध्या दुर्बिणीच्या नीडल होल्डरने शिवायला घ्यायला हवे होते. हत्यार बदलण्याची आणि हात नव्याने जोडण्याची मिनिटे वाचली असती. सरांचे म्हणणे असे की सरळ हत्याराने त्या कोनात पोकळीचा थर बंद करणे मला चौथ्या हातापेक्षा अवघड गेले असते, आणि फाटलेला टाका पाच मिनिटांपेक्षा महाग पडतो. व्हिडिओ आम्ही दोनदा एकत्र पाहिला. दोघांचेही मत बदललेले नाही. एवढे मात्र मान्य झाले की तो पर्याय त्या दिवशी खरा पर्यायच नव्हता, कारण साधा नीडल होल्डर टेबलावर उघडलेला नव्हता. आता धागा ओवलेला एक तयार असतो, आणि टेबलाशी उभे राहणाऱ्या प्रत्येकाने सराव-पेटीत सरळ हत्याराने टाके घालण्याचा तास भरावाच लागतो. यंत्र आल्यापासून नव्या मुलांचा तो सराव सुटत चालला होता, हे मला त्याआधीही दिसत होते. मी ते लावून धरले नव्हते.

तिसरे म्हणजे कवायत. दर तीन महिन्यांनी रिकाम्या खोलीत, रबरी किडनीवर आम्ही हात थिजल्याचे नाटक करतो. पहिल्या वेळी लाल दिव्यापासून हत्यार बाहेर येईपर्यंत चार मिनिटे लागली. गेल्या वेळी ८० सेकंद लागले. चावी आता निर्जंतुक ट्रेमध्ये असते, आणि क्लॅम्प मागितला की सिस्टर आधी ती उचलून सर्वांना दाखवते.

संमतीच्या वेळी आता आम्ही सांगतो की यंत्र मधेच थांबू शकते आणि थांबले तर काय करू. काही जण ते ऐकून उघडी शस्त्रक्रिया निवडतात. तो त्यांचा हक्क आहे.

या बदलांनंतर एकदा सकाळच्या तपासणीत पुन्हा एका हाताचा इशारा आला. रीस्टार्टनंतर तो गेला. या वेळी आम्ही शस्त्रक्रिया थांबवली. रुग्ण रात्रीपासून उपाशी होत्या, घरचे लांबून आले होते. त्या चिडल्या, आणि त्यांचे चिडणे योग्यच होते. सरांनी आणि मी त्यांच्या खाटेशी बसून कारण सांगितले, यंत्राच्या नोंदीचा कागदही दाखवला. सुटा भाग बदलायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी त्यांची शस्त्रक्रिया झाली, क्लॅम्प १७ मिनिटे होता.